हाक आली, पण फॉर्म भरलात का?

बारावीचा निकाल लागला की भोरच्या एसटी स्टँडच्या आसपास झेरॉक्सवाल्यांची सुगी सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, कान दिसतील असे फोटो, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. वेल्ह्याच्या पोरांना तर तालुक्याचं नाव वेल्हे लिहायचं की राजगड, हा वेगळाच पेपर. एवढा गठ्ठा घेऊन पोरगं पुण्याच्या गाडीत बसतं, कॉलेजच्या खिडकीशी उभं राहतं, आणि त्या खिडकीतून एक प्रश्न कधीच बाहेर येत नाही : बाबा रे, तुला इथे यायचंय कशाला?

हा प्रश्न विचारणारी कॉलेजं पुण्यात आहेत. फादर आणि पाळक घडवणारी. गुणपत्रिका, फोटो, दाखले त्यांनाही लागतात, पण सोबत उमेदवाराने स्वतःच्या हाताने लिहायचं असतं की देवाने मला या सेवेला बोलावलं हे मला केव्हा, कुठे आणि कसं कळलं. ख्रिस्ती मंडळी याला पाचारण म्हणतात. आणि पाचारण झालं असं नुसतं म्हणून भागत नाही. ते खरंच झालं का, हे चर्चचा पाळक लिहून देतो, डॉक्टर तब्येत तपासतो, मुलाखत घेणारे उलटसुलट विचारतात, आणि मग कमिटी ठरवते की देवाने या मुलाला बोलावलंय की मुलाला नुसताच भास झालाय.

उद्या सीईटी सेलने असा एक रकाना टाकला तर काय होईल? इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर ‘पप्पांनी बोलावलं’ असं लिहिलेलं येईल. डी. फार्मसीवाला लिहील, ‘मामाचा गाळा रिकामा आहे.’ बी.एड.च्या फॉर्मवर ‘लग्न जमेपर्यंत’ आणि स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मवर ‘गाडीवरचा दिवा’. खरं लिहायची सक्ती झाली तर निम्मी कॉलेजं ओस पडतील. अर्थात ती तशीही पडलीच आहेत, तो भाग निराळा.

आता पुण्यातल्या दोन मोठ्या सेमिनरी बघा. विद्या कुठेही जन्मली तरी शेवटी पुण्याला येते ही पुणेकरांची जुनी समजूत आहे. बाकी कोणी ती मनावर घेतली नाही, पण या दोघींनी खरी करून दाखवली. पेपल सेमिनरी पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली श्रीलंकेत कँडीला काढली. ती १९५५ साली पुण्यात नगर रस्त्यावर आली. तिथे ज्ञानदीप विद्यापीठात होणाऱ्या फादरांना तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवतात. दुसरी युनियन बिब्लिकल सेमिनरी, प्रॉटेस्टंटांची. ती १९५३ साली यवतमाळला निघाली आणि १९८३ साली बिबवेवाडीला येऊन राहिली. एक समुद्र ओलांडून आली, एक विदर्भ सोडून आली. कात्रजचा घाट ओलांडून भोरकडे मात्र कोणी उतरलं नाही. भोरकडे सिनेमावाले उतरतात. आमच्या राजवाड्यात नट-नट्यांचे प्रवेश पुष्कळ होतात, पण त्यांना कोणी गुणपत्रिका मागत नाही.

तरी भोर अगदीच कोरडं नाही. १८९३ सालीच पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन नावाची एक संस्था निघाली. तिची ऑस्ट्रेलियाकडची माणसं पुढे भोर संस्थानात नसरापूरला येऊन राहिली. ठरलेला पगार नाही, देव देईल त्यावर चालायचं, असा त्यांचा बाणा. आज या अटीवर जाहिरात दिली तर किती अर्ज येतील ते तुम्हीच सांगा.

१८९३ हे सालच शिफारसपत्रांचं दिसतं. आपला एक तरुण संन्यासी त्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेला गेला. तिथे नडलं काय, तर अधिकृत संस्थेचं पत्र त्याच्याजवळ नव्हतं. हार्वर्डच्या प्राध्यापक राइट यांनी चिठ्ठी दिली तेव्हा कुठे स्वामी विवेकानंदांची सोय लागली. तेव्हा देवाच्या कामाला शिफारस कशाला, असं कुणी म्हणू नये. आपल्याकडे तर आमदारांच्या लेटरहेडशिवाय नळाचं कनेक्शनही मिळत नाही.

पण फॉर्म हा प्रकार आजचा नाही. तो जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. पौलाने तीमथ्याला जे पहिलं पत्र लिहिलं, त्याच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीचा अध्यक्ष कसा असावा याची यादीच आहे. माणूस दारूत बुडालेला नसावा, मारकुटा नसावा, पैशाच्या मागे नसावा. पाहुण्याला घरात घेणारा असावा, शिकवता येणारा असावा. एकाच बायकोचा नवरा असावा. स्वतःची पोरं त्याचं ऐकत असावीत, कारण ज्याला घर सांभाळता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार. आणि कालपरवा विश्वासात आलेला नसावा, नाहीतर डोक्यात हवा जाते.

ही यादी मी दोनदा वाचली आणि तिच्यापुढे आपल्याकडच्या पदांच्या अटी मांडून पाहिल्या. सरपंच व्हायला वय २१ लागतं, १९९५ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर सातवी पास लागतं, घरी संडास लागतो आणि मुलं दोनच लागतात. पोरं ऐकतात का, हे कोणी विचारत नाही. पैशाच्या मागे नसावा, ही अट घातली तर निवडणूक बिनविरोधच काय, बिनउमेदवारच होईल. आणि कालपरवा आलेला नसावा, ही अट कोणत्याही पक्षाच्या तिकीटवाटपाला लावून बघा. संध्याकाळी आला, सकाळी उमेदवार, हीच तर आपली परंपरा.

बायकोच्या अटीचं गणित पुढे बदलत गेलं. पौलाने एक सांगितली होती. रोमने बाराव्या शतकापर्यंत ती कायद्यानेच शून्यावर आणून ठेवली. प्रॉटेस्टंटांनी पुन्हा एकवर नेली. म्हणून नगर रस्त्याच्या फॉर्मवर ‘विवाहित’ लिहून भागत नाही, आणि बिबवेवाडीला ‘विवाहित’ लिहिलं तर पुढे राहायच्या जागेचा प्रश्न येतो.

माझ्या आवडीची अट मात्र १५६३ सालची आहे. त्या वर्षी ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवलं की प्रत्येक बिशपने आपल्या प्रांतात पोरांसाठी सेमिनरी काढायची. अटी काय? वय निदान बारा, लिहिता-वाचता यावं, आईबापांचं रीतसर लग्न झालेलं असावं. पुढची अट वाचून मात्र आपले शिक्षणमहर्षी कानावर हात ठेवतील. गरिबांच्या मुलांना आधी घ्यावं, असं त्या सभेने सांगितलं. श्रीमंतांच्या पोरांनाही बंदी नाही, पण त्यांनी आपला खर्च आपण करावा. सोळाव्या शतकात, युरोपात, बिशपांच्या सभेत हे ठरलं. आपल्याकडे मॅनेजमेंट कोटा निघाला तेव्हा हीच अट उलटी झाली, आणि त्यासाठी कुठलीही धर्मसभा भरवावी लागली नाही.

कागदावर गरिबाला जागा झाली. गोव्याच्या गरिबाला, श्रीमंताला, कोणालाच मात्र ती सहजी मिळाली नाही, कारण तिथे फॉर्मवर न छापलेला एक रकाना होता : कातडीचा रंग.

दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रोची गोष्ट मराठी शाळांत शिकवत नाहीत. शिकवायला हवी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेला हा ब्राह्मण ख्रिस्ती मुलगा. फादर व्हायचं म्हणाला, तर गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा द्यायला नकार दिला. आपल्याकडचा माणूस अशा वेळी दोन दिवस उपोषण करतो आणि तिसऱ्या दिवशी लिंबूपाणी घेतो. कास्त्रो सरळ रोमला गेला. तिथे शिकला, १६३१ साली त्याला दीक्षा मिळाली, आणि १६३७ साली रोमने त्याला थेट बिशपच केलं. पुढे त्याच्याकडे सोपवलेला मुलूख होता आदिलशाहीचा. वेल्ह्याच्या डोक्यावरचा तोरणा तेव्हा आदिलशाहीत होता. म्हणजे कागदोपत्री बघितलं तर आमच्या वेल्ह्याचा पहिला बिशप दिवाडीचा एक कोकणी ब्राह्मण निघतो. मेंगाईच्या गडावरच्या मंडळींना याची कुणकुणही लागली नसेल, आणि बिशपसाहेब काही तोरण्याची चढण चढून आले नाहीत. पण हक्क तो हक्क.

गोव्यातल्या पोर्तुगीजांनी त्याचे कागद मानायलाच नकार दिला. रोमचा शिक्का असलेले कागद, बिशपच्या पदाचे कागद. सेतू केंद्रात ‘हा दाखला चालत नाही, दुसरा आणा’ ऐकून परत फिरलेल्या प्रत्येकाने या माणसाचा फोटो खिशात ठेवावा. तो डिचोलीला, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर राहिला, भांडत राहिला, आणि १६७७ साली रोममध्येच वारला. आता त्याचीही एक गंमत सांगतो. १६५३ साली त्याने गोव्याच्या लोकांना चेतवायला एक पत्रक लिहिलं. ते कोणाला उद्देशून? गोव्यातल्या ब्राह्मणांना. नावही ‘ब्राह्मणांचा आरसा’. गोऱ्याने आपल्याला दारात अडवलं म्हणून संतापलेला माणूस दार उघडायला सांगतो ते आपल्याच जातभाईंसाठी. बाप्तिस्म्याच्या पाण्याने बरंच काही धुतलं जातं म्हणतात; हे राहिलं होतं.

गोव्यात युरोपी धर्मसंघांची दारं स्थानिकांना नंतरही बंदच होती. म्हणून जोझे वाझसारख्यांना आपला वेगळा संघ काढावा लागला. त्याच जोझे वाझना २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत संतपद दिलं. तीनशे वर्षांपूर्वी ज्यांच्या लोकांना फॉर्मच द्यायचा नाही असं ठरलं होतं, त्यांना आता वेदीवर ठेवून मेणबत्त्या लावतात. प्रवेशाला उशीर होतो, पण होतो.

यावर आपल्याकडच्यांनी फार गालात हसू नये. आपल्या मठांत, पाठशाळांत, गाभाऱ्यांत पिढ्यान्पिढ्या फॉर्मच नव्हता. जन्माचा दाखला हाच प्रवेश. गावच्या देवाचा गुरव होण्यासाठी पाचारण लागत नाही, बाप गुरव असला की झालं. पंढरपुरात पुजाऱ्यांच्या जागेसाठी जाहिरात निघायला २०१४ साल उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपवल्यावर. कोणत्याही जातीचा चालेल, बाई चालेल, मंत्र यायला हवेत, असं मंदिर समितीने म्हटलं तेव्हा अनेकांना वाटलं की कलियुगाचा शेवटचा आठवडा आला. विठोबा अजून विटेवरच आहे.

आणि मग १९१७ साल. या एका वर्षात तीन ठिकाणी तीन फॉर्म तयार झाले.

रोमने त्या वर्षी आपल्या साऱ्या कायद्यांची एकत्र संहिता काढली. तीत दीक्षा कोणाला देऊ नये याची यादी आहे. ज्याचे आईबाप लग्नाचे नाहीत त्याला नको. शरीरात व्यंग आहे आणि वेदीवरची सेवा नीट करता येणार नाही, त्याला नको. फेपरं येणाऱ्याला नको. दोनदा लग्न केलेल्याला नको. फाशीची शिक्षा सुनावलेल्या न्यायाधीशाला नको, आणि ती अंमलात आणणाऱ्या जल्लादालाही नको. ही शेवटची अट वाचून मी थबकलो. जल्लादाचं एक वेळ समजू शकतं. पण न्यायाधीशाला जल्लादाच्या शेजारच्या ओळीत बसवायला धाडस लागतं. पुढे १९८३ च्या नव्या संहितेने यादी बरीच आटोपशीर केली. औरसपणाची अट गेली, फेपऱ्याची गेली, न्यायाधीश सुटले, जल्लादही सुटला. खून केलेल्याला मात्र अजून चालत नाही. आमच्याकडे तशांना विधानसभेला चालतं. खटला प्रलंबित आहे एवढंच प्रतिज्ञापत्रात लिहावं लागतं.

विधानसभेवरून आठवलं. कॅथलिक फादर व्हायला किमान वय २५. आमदार व्हायलाही किमान वय २५. फादरला त्याआधी दोन वर्षं तत्त्वज्ञान, चार वर्षं ईशज्ञान, त्याच्याही आधी तयारीचा काळ, वर मानसिक तपासणी. आमदाराला त्याआधी काय लागतं, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, ठेकेदाराला माहीत आहे.

१९१७ चा दुसरा फॉर्म आळंदीचा. विष्णुबुवा जोगांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. गळ्यात माळ आणि शिकायची तयारी असलेला पोरगा इथे कीर्तनकार होऊन बाहेर पडू लागला. आज आमच्या भोर-वेल्ह्याच्या वाडीवस्तीवर सप्ताह बसतो तेव्हा टाळ कसा धरावा हे जाणणारा जो महाराज येतो, त्याच्या गुरूची किंवा गुरूच्या गुरूची वाट बहुधा आळंदीच्या त्या दारातून गेलेली असते. महाराजांचं मानधन पुढे कुठवर चढलं, हा विषय दुसऱ्या आठवड्याचा.

आणि तिसरा फॉर्म साताऱ्याचा. खरं तर तो फॉर्मच नव्हता, आणि म्हणूनच तिघांत तो मला मोठा वाटतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. येशूच्या मागे चालायचं असेल त्याने यावं. बाप्तिस्मा झालेला यावा, न झालेलाही यावा. ज्या एका कागदावाचून कुठल्याही सेमिनरीची खिडकी उघडत नाही, तोच कागद टिळकांनी मागायचा नाही असं ठरवलं. मिशनच्या साहेबांच्या भुवया केवढ्या उंचावल्या असतील याची कल्पना करा. कोकणातल्या करजगावचा हा ब्राह्मण १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतो, त्यापायी घर, नातीगोती, काही काळ बायकोसुद्धा दुरावते. आणि एवढी किंमत मोजून घेतलेला दाखला बावीस वर्षांनी तो दाराबाहेर ठेवायला सांगतो. दोन वर्षांनी टिळक वारले. दरबार फार काळ टिकला नाही. बिनअटीच्या संस्था टिकत नाहीत, हे एक दुर्दैव. अटीच उरतात आणि संस्था मरते, हे दुसरं.

याच टिळकांजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. नगरच्या सेमिनरीत त्यांनी शिकवलं मात्र. आज त्यांनी पदवीधरांच्या बी.डी.ला, म्हणजे ईशज्ञानाच्या पदवीला, विद्यार्थी म्हणून अर्ज केला असता तर खिडकीतून सांगितलं असतं, काका, आधी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करून या.

त्याहून मोठी गंमत श्रीरामपूरची. नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं. देशातल्या अनेक प्रॉटेस्टंट सेमिनरींना बी.डी.ची पदवी देते ती तिथली सिनेट. कॉलेज निघालं १८१८ साली, आणि डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली पदव्या द्यायची सनद दिली. काढणाऱ्यांत प्रमुख विल्यम केरी. हे केरीसाहेब इंग्लंडात जोडे शिवायला शिकलेले. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली एवढंच. त्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली मराठीचा कोश छापला. आपल्या भाषेचं व्याकरण लिहून छापणाऱ्या माणसाला स्वतःच्याच कॉलेजच्या आजच्या फॉर्मवर ‘शैक्षणिक अर्हता’ या रकान्यात आडवी रेघ मारावी लागली असती. प्रेषित पेत्राचं तर विचारूच नका. कोळी. जाळं टाकलं आणि निघाला. लीव्हिंग सर्टिफिकेटही घेतलं नाही.

बायकांची गोष्ट वेगळी लिहायला हवी, पण एक तरी सांगतो. आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेऊन आख्खं बायबल मराठीत आणलं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्याही मुक्ती मिशनमधल्या बायकाच. बिबवेवाडीत आज मुली शिकतात. नगर रस्त्यावर सिस्टर ईशज्ञानाच्या पदव्या घेतात, वर्गात शिकवतातही. पण ज्या फादरांना त्यांनी शिकवलं, ते वेदीवर उभे राहतात आणि सिस्टर समोरच्या बाकावर बसतात. परीक्षक खाली, परीक्षार्थी वर. रमाबाई असत्या तर प्राचार्यांना एक पत्र गेलं असतं, आणि त्याचं उत्तर द्यायला प्राचार्य रजेवर गेले असते.

आता पुन्हा झेरॉक्सच्या गठ्ठ्याकडे येऊ, कारण खरी कळ तिथे आहे. समजा, नसरापूरकडच्या एखाद्या जुन्या ख्रिस्ती घरातलं पोरगं सेमिनरीत जायचं म्हणतंय. पणजोबा महार किंवा मांग होते, गावकुसाबाहेरच्या घरातून चर्चमध्ये आले. सेमिनरीला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. तो दाखवला की सेमिनरीचं दार उघडतं आणि अनुसूचित जातीच्या सवलतींचं दार बंद होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रात त्यांची सोय ओबीसींच्या यादीत केली आहे. म्हणजे जात आहे असं सरकारला मान्य आहे, फक्त थोडी कमी आहे असं म्हणणं आहे. जात गावाला आठवते, सोयरीक जुळवणाऱ्याला आठवते, स्मशानाच्या जागेचा वाद निघाला की साऱ्या पंचक्रोशीला आठवते. एकट्या तहसीलदार कचेरीलाच आठवत नाही. वर २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात सांगितलं की नोकरीसाठी हिंदू आणि प्रार्थनेसाठी ख्रिस्ती असं चालायचं नाही. बरोबर. पण मंदिरासाठी हिंदू, मतासाठी हिंदू आणि पाण्याच्या टाकीशी वेगळा, हे कसं चालत आलं, यावर कोणी निकाल लिहीत नाही.

वेल्ह्याच्या महादेव कोळ्याच्या किंवा कातकऱ्याच्या पोराला मात्र ही अडचण नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्म बदलला म्हणून जात नाही. डोंगर चढला की नियम बदलतो. एकाच एसटीत शेजारी बसलेली दोन पोरं, दोघांच्या हातात बाप्तिस्म्याचा दाखला, आणि दोघांची शिष्यवृत्ती वेगळी. कंडक्टर मात्र दोघांकडून तिकिटाचे पैसे सारखेच घेतो, एवढी त्या गाडीतली समता.

आणि हे सगळं पार करून पोरगं पुण्यात पोचलं की शेवटचा दरवाजा : इंग्रजी. दोन्ही मोठ्या ठिकाणी शिक्षणाचं माध्यम इंग्रजी आहे. केरळचा, नागालँडचा, तामिळनाडूचा मुलगा तिथे शिकतो, सगळ्यांना समजायला एक भाषा हवी, हे मान्य. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या वेल्ह्याच्या पोराला देवाची हाक ऐकू आली असेल तर ती मराठीतच आली असणार. तिचं भाषांतर करून, ग्रामर तपासून, फॉर्मवर चढवेपर्यंत देवही दमत असेल.

बरं, हे काही परंपरेला धरून आहे म्हणावं तर तसंही नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला, १५७९ साली गोव्यात आलेला जेझुइट. त्याने ओव्यांत मराठी ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि १६१६ साली रायतूरला छापलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्याच्या धर्मसभेने ठरवलं होतं की लोकांची भाषा शिकल्याशिवाय कोणाला गावाचं चर्च द्यायचं नाही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने उलटं फर्मान काढलं, लोकांनीच पोर्तुगीज शिकावं. कोणत्या अटीने माणसं जोडली आणि कोणत्या अटीने तुटली, ते गोव्यात जाऊन कोणालाही विचारा. उत्तर कोकणीत मिळेल.

म्हणून नगर रस्ता आणि बिबवेवाडी, दोन्हीकडच्या प्राचार्यांना भोर-वेल्ह्याकडून एक विनंती आहे. तुमच्या बाकीच्या अटी ठेवा. पाळकाचं पत्र ठेवा, डॉक्टरचा दाखला ठेवा, पाचारणाची पानं तर ठेवाच, कारण तेवढी एकच अट सगळ्या कॉलेजांनी तुमच्याकडून उसनी घ्यावी अशी आहे. फक्त एक तोंडी परीक्षा वाढवा. मुलगा कोहिमाचा असो की कोट्टायमचा, पुण्यात इतकी वर्षं राहून बाहेर पडताना त्याने वेल्ह्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या आजीशी पाच मिनिटं मराठीत बोलून दाखवायचं. धर्मावर नको, पावसापाण्यावर, भाताच्या लावणीवर, गुडघेदुखीवर. आजी हसली तर पास, आजीने ‘काय म्हणतोय गं हा?’ असं शेजारणीला विचारलं तर पुढच्या सत्रात पुन्हा. परीक्षक आम्ही पुरवू, मानधन नको. येण्याजाण्याचं एसटीचं तिकीटही लागणार नाही, आजीला तिकीट माफच आहे.